व्याह्यांच्या मशीनशी बोलणी

पहिल्याच भावाला समोरचा माणूस “बरं” म्हणाला, की आपण लुटलो गेलो असं समजावं. लातूरचे माझे व्याही मला “बरं” म्हणाले.

तेवीस वर्षं मी मिरचीच्या धंद्यात आहे. सुरुवातीला धर्माबादहून एक पोतं एसटीच्या टपावर टाकून नांदेडला आणायचे, घरी कांडायचे आणि दारोदार विकायचे. आज माझं तिखट, हळद आणि काळा मसाला चार तालुक्यांत जातात (लोह्यात लोक जेवताना माझं नाव घेऊन शिव्या देतात, इतकं ते झणझणीत आहे). हे सगळं मी भाव करण्याच्या जोरावर उभं केलं. आडत्यानं भाव सांगितला की मी नुसता उसासा टाकून पोत्यावर बसते. पाच मिनिटं काहीच बोलत नाही. मग तोच घाबरून माझ्यासाठी पाणी मागवतो, आणि पाण्याबरोबर भावही खाली येतो.

तर व्याह्यांचा लातूरला डाळीची पाकिटं भरायचा धंदा. त्यांनी नवं मोठं मशीन घेतलं आणि जुनं विकायला काढलं. मशीन तसं नामी. वरून माल टाकायचा, मागं छापील प्लॅस्टिकचा रोल लावायचा; मशीन स्वतः पिशवी करतं, भरतं, चिकटवतं, कापतं. मी मुद्दाम लातूरला गेले, पूर्ण तयारीनं. सकाळपासून कुणाशी बोलले नव्हते, घसा राखून ठेवला होता.

“ताई, घरचंच हाय,” व्याही म्हणाले. “तुम्ही म्हणाल ते.”

भाव करायची ही काय पद्धत झाली? मी इतका खालचा आकडा सांगितला की माझी मलाच लाज वाटली. वर मशीनच्या दर्शनी भागावरच्या छोट्या स्क्रीनकडं बोट दाखवलं. ती फुटलेली होती.

“नवी बसवून देतो की,” ते म्हणाले.

“नको. मला मशीन वाचायचं नाही, चालवायचंय. तुमची स्क्रीन काढून ठेवा आणि तेवढे कमी करा.”

“बरं,” व्याही म्हणाले.

झालं. परतीच्या गाडीत अहमदपूर येईपर्यंत मी तोच आकडा मनात उलटापालटा करून बघत होते. अहमदपूरला आमचे हे (जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत, त्यामुळं गप्प बसण्याचा त्यांना सराव नाही) म्हणाले, “स्वस्तात मिळालं की.”

“तेच तर,” मी म्हटलं. “काहीतरी असणार.”

त्यानंतर आठ महिने मशीन एका तक्रारीशिवाय चाललं. मी रोज वाट पाहायचे. शेवटी दसऱ्याच्या सुट्टीनंतर तिसऱ्या दिवशी चालू केलं आणि ते थांबलं. पिशव्यांची न कापलेली लांबलचक माळ बाहेर आली, तांबडा दिवा लुकलुकायला लागला आणि मशीन गप्प. दिवाळी तोंडावर, मालाची मागणी डोक्यावर, आणि खरं सांगते, मला मनापासून आनंद झाला. आठ महिन्यांची शंका खरी ठरली होती. मी हातही न धुता लातूरला फोन लावला.

“पाव्हणं, तुमचं मशीन मेलं.”

“अरे देवा. काय झालं वो ताई?”

“ते तुम्हालाच माहीत. आठ महिने पुरेल इतकंच इमान होतं त्यात.”

“न्हाई वो ताई. पाच वर्सं वापरलं म्या, येक दिवस बी...”

“तेच म्हणून राहिले मी. पाच वर्षं रस काढला आणि चिपाड आमच्या गळ्यात बांधलं.”

इथवर ठीक होतं. पण माझ्या रागाला उतार लागला की ब्रेक लागत नाही. मी म्हटलं, “मशीन उचलून न्या. ते माझ्या घरातून हलत नाही तोवर मी डोहाळजेवणाला लातुरात पाय ठेवणार नाही.”

फोन ठेवला आणि वळले, तर दारात शीतल उभी. शीतल म्हणजे माझी सून, त्यांची एकुलती एक लेक. सातवा महिना. अकरा दिवसांवर तिचं डोहाळजेवण, तेही माहेरी. सासूच आली नाही तर जमलेल्या चाळीस बायका ताटातलं सोडून तिच्या आईबापाचंच तोंड बघणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रडली नाही.

“आई,” ती म्हणाली, “पप्पांनी फसवलं असेल तर त्यांना मीच सुनावते. पण आधी बोर्डाला तर विचारू.”

“कुणाला?”

“मशीनच्या आतल्या बोर्डाला. काय दुखतंय ते तो सांगत असतो. स्क्रीन असती तर स्क्रीनवर सांगितलं असतं. ती तुम्ही...” इथं ती थांबली. सुनेनं कुठं थांबावं हे तिला चांगलं कळतं.

शीतल विष्णुपुरीला इलेक्ट्रॉनिक्सचं इंजिनिअरिंग शिकलेली. पण डॉक्टरांनी तिला वाकायला मनाई केलेली, आणि तिनं एकटीनं शोधून सांगितलेलं मी मानलंही नसतं. आरोपीच्या मुलीला पंच कोण करतं? म्हणून तिनं सौदा मांडला. ती खुर्चीत बसून शिकवणार, काम मी स्वतःच्या हातानं करायचं. चूक तिच्या वडलांची निघाली, तर तीच लातूरला जाणार नाही, डोहाळजेवण रद्द. चूक त्यांची नसेल, तर मी लातूरला यायचं, तेही दोन दिवस आधी.

“एक दिवस आधी,” मी म्हटलं.

“बरं,” शीतल म्हणाली. पोरगी थेट बापावर गेली होती.

अशा रीतीनं वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, जमिनीवर पोतं अंथरून, मी सर्किट बोर्ड तपासायचं शिक्षण सुरू केलं.

पहिला धडा मल्टिमीटरचा. पिवळा डबा, त्याला एक काळी आणि एक तांबडी तार, टोकाला सुया. मशीनची पिन भिंतीतून काढायची, दोन सुया तारेच्या दोन टोकांना लावायच्या. तार अखंड असेल तर डबा शिट्टी वाजवतो, तुटली असेल तर गप्प. मला हे यंत्र फार आवडलं. थापा नाहीत, “बघतो, सांगतो” नाही. आहे तर आहे, नाही तर नाही. असा एक माणूस मला मोंढ्याच्या बाजारात भेटला असता तर मी आज बंगल्यात असते.

मशीनच्या सगळ्या तारांनी शिट्टी वाजवली. माझी निराशा झाली, पण हाताला चटक लागली. मग मी घरातला झारा तपासला, स्टोव्हची पिन तपासली, ह्यांच्या चष्म्याची काडी तपासली. (“चष्म्यात वीज कशाला पाहिजे?” हे म्हणाले. “असली तर कळावी,” मी म्हटलं.) दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका पापड लाटायला जमल्या. तिथंही मी डबा घेऊन गेले. शेजारच्या कमलताईंच्या गळ्यात लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची चेन होती.

“काढा जरा,” मी म्हटलं. “तपासून देते.”

दोन टोकांना सुया लावल्या. डबा गप्प. जागा बदलून लावल्या. गप्प.

“म्हणजे काय?” कमलताई म्हणाल्या.

“सोनं असतं तर शिट्टी वाजली असती.”

अकरा लाटणी एकदम थांबली. संध्याकाळी शेजारून भांड्यांचा आवाज आला आणि पाठोपाठ कमलताईंच्या मिस्टरांचा. घरी शीतलनं समजावलं, की नकली दागिन्याची चमक टिकावी म्हणून वरून पातळ थर देतात, त्यातून वीज जात नाही. म्हणजे माझं निदान शंभर टक्के बरोबर होतं. बहुतेक म्हणूनच कमलताई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

“आई, हा डबा घराबाहेर न्यायचा नाही,” शीतलनं नियम केला.

दुसरा धडा खुद्द बोर्डाचा. झाकण उघडलं, तर आत हिरवी पाटी आणि तिच्यावर गावच वसलेलं. शीतलनं खुर्चीतून लांब पट्टीनं दाखवायला सुरुवात केली. चांदीचे बारीक ठिपके म्हणजे तपासायच्या जागा. कारखान्यात बोर्ड तयार झाला की तिथंच सुया टेकवून बघतात. एका कोपऱ्यात दहा पिनांची जोडरांग होती.

“त्याला जेटॅग म्हणतात. तिथून चिपला मधेच थांबवता येतं आणि तिच्या मनात त्या क्षणी काय चाललंय ते वाचता येतं.”

“मग तिथंच लावू की.”

“त्याला वेगळं यंत्र लागतं, आणि ते मला तरी कुठं धड येतं?”

“माणसाला नसते का गं अशी सोय?” मी लातूरच्या दिशेनं बघत विचारलं.

पेपरामागून आमचे हे म्हणाले, “मनातलं वाचायचं ऱ्हाऊ दे. मधेच थांबवायची सोय काही घरांत लई उपयोगी पडंल.”

मी तिकडं लक्ष दिलं नाही. आपल्या कामाच्या होत्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या चार पिना. तिथं एक छोटा कन्व्हर्टर जोडायचा, त्याचं दुसरं टोक शीतलच्या लॅपटॉपला, की बोर्ड जे पुटपुटतो ते पडद्यावर उमटतं. चार पिनांची नावं मला पाठ करायला लावली. ग्राउंड. टीएक्स, म्हणजे बोर्डाचं तोंड. आरएक्स, म्हणजे बोर्डाचा कान. चौथी पॉवर.

“आधी ग्राउंडला ग्राउंड,” शीतल म्हणाली. “दोघांचा शून्य एक असल्याशिवाय बोलणं मोजता येत नाही.”

हे मला न शिकवता कळलं. मोंढ्यातही भाव किलोचा की क्विंटलचा हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर दोघं तासभर भांडतात आणि दोघांचंही बरोबर असतं. ग्राउंड झोकात जोडलं. पुढच्या दोन तारा मी स्वतःच्या अकलेनं लावल्या. मशीनची पिन भिंतीत घातली. पडदा कोरा.

शीतलनं मान पुढं काढून बघितलं. “आई, तुम्ही टीएक्सला टीएक्स लावलंय.”

“मग? लग्नात मामाला मामाच भेटतो, आईला आई. बरोबरीच्यानं बरोबरीच्याला भेटावं.”

“अहो, तोंडाला तोंड जोडलं तर ऐकणार कोण? त्याचं तोंड आपल्या कानाला, आपलं तोंड त्याच्या कानाला.”

“हिला ते जमायचं न्हाई,” हे पेपर उलटत म्हणाले. “तीस वर्सं आपल्या घरात तोंडालाच तोंड जोडलंय.”

दुपार झाली होती. शीतल जरा पडायला गेली. जाताना म्हणाली, तारा उलटून लावा, पण मी उठेपर्यंत मशीन चालू करू नका. मी तारा उलटून लावल्या. तीन तारा लागल्या, चौथी मोकळीच लोंबत राहिली. तांबडी, चांगली जाड, नवीकोरी. मी तिच्याकडं बघत बसले. कन्व्हर्टर चार तारांचा घेतलेला. पिनाही चारच. मोजून चाराला चार. मी आयुष्यात विकत घेतलेली वस्तू कधी वाया घालवलेली नाही. मिरचीचे देठसुद्धा मी विकते. आणि इथं चवथा हिस्सा माल नुसता लोंबत होता. शीतलनं चौथी पिन पॉवर म्हणून सांगितली होती, जोडायची नाही असं तोंडानं म्हटलं नव्हतं (तिचं म्हणणं आहे की तीनदा म्हटलं होतं). मी चौथी जोडली आणि मशीन चालू केलं.

कन्व्हर्टरमधून अगरबत्तीएवढा धूर निघाला. बारीक, सरळ, शांत.

“काय जळालं?” ह्यांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “बोलायला लागलाय.”

शीतल उठली. तिनं वास घेतला, माझ्याकडं बघितलं, चौथ्या तारेकडं बघितलं. बोर्डाला स्वतःची वीज असताना मी बाहेरून आणखी कोंबली होती. नशीब, बोर्ड आणि लॅपटॉप दोन्ही वाचले. मी मुकाट्यानं पिशवी उचलली आणि नवा कन्व्हर्टर आणायला वजिराबादच्या बाजारात गेले.

“चारपैकी तीनच तारा लागतात,” मी दुकानदाराला सांगितलं. “चौथीचे धरू नका.”

“काकू, चौथी कापून इथंच ठिवतो. भाव तोच ऱ्हाईल.”

मी उसासा टाकला, पण त्याच्या दुकानात बसायला पोतं नव्हतं.

दुसरा कन्व्हर्टर जोडला. तोंड कानाला, कान तोंडाला, चौथी तार शीतलनं स्वतः चिकटपट्टीनं गुंडाळलेली. मशीन चालू केलं आणि पडद्यावर अक्षरं धबाधब पडायला लागली. चौकोन, उलटे प्रश्नचिन्ह, तुटक्या काड्या, मधेच एक मिशीसारखं काहीतरी. माझं तर डोकंच फिरलं. ही काय भाषा? माणसानं माल विकताना आत असली भाषा भरून ठेवायची, म्हणजे पुढं कुणाला पत्ता लागायला नको. शीतल पाणी प्यायला उठली तेवढ्यात मी पडद्याचा फोटो काढून व्याह्यांना पाठवला. खाली लिहिलं, “बघा तुमच्या मशीनची जबान. उत्तर द्या.”

दहा मिनिटांत फोन आला. आवाज रडवेला.

“ताई, मला वाचता येईना वो. आमच्या गल्लीत येक म्हातारे गुरुजी हायत, त्येंला दाखिवलं. ते म्हणले मोडी असंल. पर त्येंला बी लागंना.”

“लागणार कसं? लपवायलाच लिहिलंय ते.”

“ताई, म्या इमानानं दिलं. तुमच्या मनात ह्ये असंल तर म्या येतो अन् घिऊन जातो मशीन. डाग नको लेकराच्या संसारात.”

माझा सूड पूर्ण झाला, तर मला बरं वाटायला हवं होतं. शीतल दारात ग्लास घेऊन उभी होती. ती एवढंच म्हणाली, “आई, ती भाषा नाही. बोर्ड बोलतोय त्या वेगानं आपण ऐकत नाही आहोत. वेग जुळला की साधी इंग्लिश दिसेल.”

“मग जुळव की.”

“एक लाख पंधरा हजार दोनशे करून बघू का?”

“वरचे दोनशे सोडायला लाव,” मी सवयीनं म्हटलं.

तो भाव नसून वेग होता. त्या वेगानंही मिशाच पडल्या. त्या दिवशी तिची पाठ दुखायला लागली आणि काम तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात तपासणी. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा बसलो. डोहाळजेवण चार दिवसांवर आलेलं. शीतल एकेक वेग उतरवत गेली आणि नऊ हजार सहाशेवर पडदा एकदम शहाणा झाला. एकच ओळ, दर दोन सेकंदांनी, परत परत: आय मार्क नॉट फाउंड. स्टॉप.

“काय म्हणतोय?”

“खूण दिसत नाही, म्हणून थांबलोय.” शीतलचा चेहरा उजळला. “आई, रोलवर प्रत्येक पिशवीच्या कडेला एक काळी खूण छापलेली असते. मशीनला वाटाण्याएवढा काचेचा डोळा आहे. तो खूण बघतो, मग पातं कापतं. डोळ्याला दिसेना म्हणून ते कापेना. बोर्ड चांगला आहे. डोळा बघा.”

मी मशीन बंद करून डोळ्याच्या तारांना सुया टेकवल्या. तिन्ही तारांनी शिट्टी वाजवली. म्हणजे रोग डोळ्यातच. बॅटरी घेऊन मी आत डोकं घातलं. आणि तशीच राहिले.

डोळ्यावर कुंकू होतं.

थोडंथोडकं नाही. आधी हळदीचा लेप, त्यावर तेलात कालवलेलं कुंकू, आणि बरोब्बर मधोमध एक तांदळाचा दाणा. हस्ताक्षर माझंच होतं. खंडेनवमीला मी कांडप, वजनकाटा, खुरपं सगळं पुजते. मशीनला मात्र कुंकू कुठं लावावं कळेना. नुसतं पत्र्याला लावणं म्हणजे माणसाच्या पाठीला लावल्यासारखं. मी वाकून वाकून त्याचं कपाळ शोधलं होतं. ती काळी गोल काच इतकी मधोमध, इतकी नेमकी होती, की बनवणाऱ्यानं पूजेसाठीच जागा ठेवलीय असं वाटलं. पडू नये म्हणून मी ते अनामिकेनं चांगलं दाबून बसवलं होतं. मी कुठलंच काम हातचं राखून करत नाही.

“काय दिसतंय, आई?” शीतलनं विचारलं.

तेवढ्यात दाराशी टेम्पो थांबला. व्याही, विहीणबाई आणि दोन हमाल.

व्याह्यांनी चहासुद्धा घेतला नाही. हात जोडून म्हणाले, “ताई, मशीन नेतो. राग सोडा अन् डोहाळजेवणाला या.”

“बसा तरी,” मी म्हटलं. “बघून राहिलो आम्ही. किरकोळ आहे.”

“काय निघालं?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. हे पेपर खाली ठेवून बघायला लागले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“डोळ्यावर जरा काहीतरी बसलंय,” मी म्हटलं. “तांबडं.”

“मिरचीची धूळ?” व्याह्यांनीच विचारलं.

देवानं दार उघडलं आणि मी पळत आत शिरले. “हाव. मिरचीचीच.”

व्याह्यांचा चेहरा पडला. “मग तर न्यायलाच पायजे. डाळीचं मशीन ते. मिरची सोसंना त्याला, अन् म्या मिरचीच्या घरात दिलं. चूक माझीच हाय, ताई. उचला रे.”

“अहो, पुसलं की झालं.”

“आज पुसाल, उद्या पुन्ना बसंल. खोटी वस्तू म्या लेकीच्या घरात ठिवणार न्हाई.”

मी आयुष्यात वस्तू परत घ्यायला लोकांना भाग पाडलंय. परत नेऊ नका म्हणून गळ घालायची वेळ पहिल्यांदा आली, आणि मला त्याचा एकही शब्द येत नव्हता. मी जितकं नको म्हणत होते, तितका तो सज्जन माणूस स्वतःला जास्त दोष देत होता. हमालांनी मशीन उचललंसुद्धा.

शीतल खुर्चीत मागं टेकली. “ठरलं होतं तसं,” ती शांतपणे म्हणाली. “चूक पप्पांची निघाली. मी लातूरला येत नाही. डोहाळजेवण रद्द करा, मम्मी.”

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांनी महिनाभर आधी हिरवी साडी घेऊन ठेवली होती. व्याही भिंतीकडं बघत उभे राहिले. माझ्या तेवीस वर्षांच्या धंद्यात एवढी शांतता कधी पसरली नव्हती, आणि पाणी मागवायलाही कुणी नव्हतं.

“ठिवा ते खाली,” मी हमालांना म्हटलं.

“ताई, पर मिरची...”

“मिरची न्हाई ती. कुंकू हाय.”

“कुंकू?”

“पूजा केली व्हती मी. खंडेनवमीला. मशीनच्या डोळ्यात कुंकू घातलं मी. बस?”

व्याही सावकाश पुढं आले. बॅटरी घेतली, वाकले, बराच वेळ बघितलं.

“ताई,” ते आतूनच म्हणाले, “अक्षता बी हाय.”

पदरामागून आधी बारीक आवाज आला, मग विहीणबाई भिंतीला धरून हसायला लागल्या. शीतल पोट धरून हसत होती, आणि मी तिला ओरडत होते की हळू हस, सातवा महिना आहे. हमालही हसत होते, ज्यांना यातलं काही माहीत नव्हतं. फक्त व्याही हसले नाहीत. त्यांनी खिशातला स्वच्छ रुमाल काढून डोळा पुसला आणि पिन भिंतीत घातली. मशीन खटखट पिशव्या कापायला लागलं.

“पूजा मातर लई मनापासून केली तुम्ही,” ते म्हणाले. मनापासूनच म्हणाले. त्यांच्यावर रागावणं किती अवघड आहे हे तेव्हा मला कळलं. आठ महिने मी ते कसं जमवलं देव जाणे.

तर, ठरल्याप्रमाणं एक दिवस आधी मी लातूरला गेले. पण बातमी माझ्या आणखी एक दिवस आधी पोचली होती. गल्लीतल्या पोरीसोरीसुद्धा मला बघून डोळे झाकत होत्या. डोहाळजेवणाला अंगण बायकांनी भरलेलं, मध्ये पाटावर शीतल, हिरवी साडी, फुलांचे दागिने. पहिलं कुंकू लावायचा मान सासूचा. विहीणबाईंनी करंडा माझ्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, “ईनबाई, कपाळाला बरं का. लेकीला अजून डोळ्यानं बघायचंय.”

चाळीस बायका एकदम फुटल्या. शीतलनं तर खबरदारी म्हणून दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले.

मी कुंकू लावलं. बरोबर जागी लावलं. पण ऐकून घ्यायची मला सवय नाही. म्हणून मी हातातला करंडा उलटापालटा करून बघितला, नखानं वाजवला, आणि विहीणबाईंच्या कानाशी लागून म्हटलं, “हा कुठून घेतला वो? पितळ लई हलकं हाय. फसवलं तुम्हाला कुणीतरी.”

“तुम्हीच दिलता की,” विहीणबाई म्हणाल्या, “साखरपुड्याला.”